जैतुनाच्या बनातली येळवस

येळवसाच्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. बाया, बाप्ये, पोरंसोरं, सगळं रानात. मार्गशीर्षातली अमावस्या ती. कडब्याची खोपटासारखी कोप उभारायची, पाच दगडांना चुना अन् काव लावून त्यांचे पांडव करायचे, डाळी-पालेभाज्यांची शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील त्यांच्यापुढं ठेवायची, आणि मग बांधावरनं जो कुणी जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळखदेख लागत नाही, जातपात विचारत नाहीत. हाक आली की बसायचं. नाही म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, असं आपल्या धाराशिवाकडं मानतात.

अशाच एका येळवसाला, फार मागची नाही ही गोष्ट, शिवकन्या आणि तिचा नवरा इंद्रजित तुळजापुराहून सायकलींवर निघाले. साध्या नव्हेत, गिअरच्या, जाड टायरांच्या सायकली. इंद्रजितला त्याचं भारी वेड. सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचा. पण पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि माणूस हळद फासल्यासारखा पिवळा पडला. शिवकन्येनं दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या. बरा झाल्यावर डॉक्टरांनी सायकलीला मुभा दिली, तेलकटाला नाही. यकृत अजून कच्चं आहे, म्हणाले, तेल पोटात गेलं तर परत खाटेवर, आणि या खेपेला उठेल असं मी लिहून देत नाही. तेव्हापासून शिवकन्येची नजर त्याच्या ताटावरनं हलत नसे.

खालच्या शिवारात त्यांच्या रानात सासूबाई, तुळजाबाई, वाट बघत होत्या. दिवस मावळताना कडब्याचा हेंडगा पेटवून शेताला फेरी घालायची असते, त्याच्या आत पोचायचं होतं.

फाट्यावर इंद्रजितनं डांबरी सोडली आणि पांढऱ्या डोंगराकडं हँडल वळवलं.

"अहो, सरळ रस्त्यानं गेलो असतो की."

"डोंगरातनं जवळ पडतंय. अन् तूच म्हणायचीस ना, मला फिरवा म्हणून."

"फिरवा म्हणले होते, फरफटवा न्हाय."

तो हसला. ते हसू बघून तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या गालावर रंग होता.

पांढरा डोंगर म्हणजे सगळा चुनखडीचा. वनखात्यानं त्याचं उद्यान केलंय, सायकलींसाठी मातीच्या वाटा काढल्यात. फाटक उघडंच होतं. राखणदारही येळवस जेवायला गेला असणार. वाटेवर पांढरी धूळ पिठासारखी पडलेली. टायराखाली ती कुरकुर करायची, अंगावर बसायची, दातांत यायची. पाखराचा आवाज नाही, शेळीची घंटी नाही. बाजूच्या कपारीत पडक्या भट्ट्या दिसत होत्या, काळी तोंडं वासून बसलेल्या.

"चुना भाजायचे हितं," इंद्रजित म्हणाला. "आई सांगती, भट्टीवाल्यांची पाच-सहा घरं होती. त्यांना ना रान, ना बांध. येळवसाला त्यांना कुणी बोलवायचं न्हाय, हात खाल्लेले असायचे ना चुन्यानं. एकदा भट्टी ढासळली अन् ती माणसं आतच राहिली. काढायलाबी कुणी गेलं न्हाय."

"आता हे सांगायची वेळ हाय का?"

चढ संपला तसं बन लागलं. ठेंगणी, पिळवटलेली झाडं, राखाडी पानांची. वारा नव्हता, तरी पानं उलटी होत होती, मेलेल्या माशाच्या पोटासारखी पांढरी दिसत होती.

"ही कसली ओ झाडं?"

"जैतून. ऑलिव्ह, तेलाचं झाड. चुनखडीत येतंय म्हणून कोण्या सायबानं लावलं. झाडं जगली, पण फळ काय धरलं न्हाय. एकदाबी न्हाय."

तेवढ्यात वास आला. भिजलेल्या चुन्याचा उग्र वास, आणि त्याच्याखाली खवट तेलाचा, महिनोन्‌महिने न घासलेल्या समईचा असतो तसा. शिवकन्येनं ओढणी नाकाला लावली. ओढणीलाही तोच वास होता.

"ओ पाव्हणं…"

हाक हळू होती, अगदी जवळची. झाडांमध्ये एक कोप उभी होती. तिच्या तोंडाशी एक म्हातारा हात जोडून उभा.

"या… बसा. येळवस हाय. म्या महालिंगप्पा. ही आमची शरणम्मा."

कोपीत एक म्हातारी परातीवर वाकलेली. तिनं वर पाहिलं नाही.

शिवकन्येनं नवऱ्याची बाही धरली. "चला. आत्याबाई वाट बघत असतील."

"दोन घास खातो. न्हाय कसं म्हणायचं?"

"तुम्हाला तेल चालत न्हाय."

"भज्जीत कुठं तेल असतंय, येडी!" असं म्हणून तो मांडी घालून बसलासुद्धा. शेतकऱ्याचं पोर ते, हाक मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

ती दारातच उभी राहिली. आत पांडव मांडलेले होते, पण त्यांना चुना नव्हता; दगड तेलानं निथळत होते, आणि ते तेल खाली जमिनीत मुरत नव्हतं. शरणम्मा उंडे वळत होती. तिच्या बोटांना नखं नव्हती. टोकं मऊ, पांढरी, फुगलेली, पाण्यात राहिलेल्या साबणासारखी. एक उंडा तळहातावरनं सुटेना, तसा तिनं ओढला. त्याच्याबरोबर बोटाचं सालही आलं. म्हातारीनं ते मीठ चोळावं तसं पिठात दाबलं आणि उंडा पत्रावळीवर ठेवला.

"अहो… उठा," शिवकन्या म्हणाली.

इंद्रजितला काही दिसलं नव्हतं. महालिंगप्पानं भज्जी वाढली आणि गाडग्यातनं तेलाची धार धरली. जाड धार, पिवळी. भज्जी बुडाली, उंडे बुडाले, धार थांबेना.

"बस, बस… एवढं तेल कशाचं ओ?"

"आमच्याच बनातलं," म्हातारा मायेनं म्हणाला. "यंदा लई निघालं."

आणि इंद्रजित जेवला. दोन घास नाही, भुकेल्या वासरासारखा जेवला. तेल मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळलं, ते त्यानं जिभेनं पुसलं. हनुवटी चकाकत होती. घशातनं गटगट आवाज येत होता. ज्या माणसाला तिनं चमच्यानं पेज भरवली होती, तो पत्रावळ उचलून चाटत होता.

शरणम्मानं दुसरी पत्रावळ शिवकन्येपुढं सरकवली. त्या भज्जीत एक केस होता. लांब, पांढरा. तो हळूच सरकला आणि तेलात बुडून गेला.

"मला नको."

"दोन घास… लई वर्सांनी कुणी बसलंय आमच्यात."

"नको म्हणले ना!" तिनं पत्रावळ लोटली आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.  म्हातारा-म्हातारी तिच्याकडं नुसते बघत राहिले, पोटच्या लेकीनं टाकून बोलावं तसे.

"बाई उपाशी उठली," शरणम्मा पुटपुटली.

इंद्रजितला शरम वाटली. त्यानं हात जोडले, आणि जेवून उठताना आपल्याकडं कुणीही म्हणतं तेच म्हणाला, "राग धरू नका. आता तुमी या आमच्याकडं. खाली चिंचेपाशी कोप हाय आमची."

 म्हातारीच्या डोळ्यांतनं काहीतरी ओघळलं. पाणी एवढं सावकाश ओघळत नाही.

"कवा येऊ?" महालिंगप्पानं विचारलं.

"कवाबी या. आजच या की."

शिवकन्येनं त्याला ओढतच सायकलीपाशी नेलं. बन मागं पडलं, उतार लागला, तशी तिनं त्याला खाली उतरवलं आणि मान दाबून घशात बोटं घातली.

"ओका. सगळं काढा. मरायचंय का तुम्हाला?"

तो ओकला. भज्जी नाही, उंडा नाही, नुसतं तेल. ओंजळी ओंजळी तेल, कोमट, त्यात पांढरी साय तरंगणारी. तिची बोटं तेलानं माखली. माती घेतली, घासली, ओढणीनं पुसली, चिकटपणा जाईना. पण तिच्या जिवाला थोडं हलकं वाटलं. निघालं एकदाचं सगळं.

मग तिनं खाली पाहिलं. वाट उताराची होती. तेल उतारानं जात नव्हतं. बारीक धार धरून ते चढाकडं, बनाकडं चाललं होतं, अजिबात घाई न करता.

"चला," इंद्रजित म्हणाला. "मला आता एकदम बरं वाटतंय."

तो पुढं निघाला. मधल्या टेकाडावर ती धापा टाकत होती, आणि आजारातनं उठलेला तो माणूस मागं वळून न बघता चढत होता. त्याच्या श्वासाचा आवाज काही तिला ऐकू आला नाही.

शिवारात पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. लांबलांबच्या रानांत हेंडगे फिरत होते, अंधारात विस्तवाचे ठिपके पळत होते. चिंचेखाली तुळजाबाई न पेटवलेला हेंडगा घेऊन उभ्या.

"किती उशीर रं! तुझे पाव्हणे कवाच येऊन बसले."

शिवकन्येनं सायकल हातातनं सोडली. "कोण पाव्हणे, आत्याबाई?"

"नवरा-बायको गं, म्हातारी. इंद्रानं बोलावलंय म्हणाले. लई गरीब माणसं. जेवले, आन् त्यांनी आणलेलं मलाबी वाढलं." तुळजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. पुसलं तरी ओठ चकाकत राहिले. "लई ग्वाड बग. असलं तेल म्या जल्मात खाल्लं न्हाई."

"कुठं हायत ते?"

"हितंच असतील की. तुझं मातर लई मनाला लागलंय त्यांच्या. पोरगी उपाशी उठली म्हणत व्हते." त्यांनी कोपीकडं हात केला. "तुझं ताट वाढून ठिवलंय त्यांनी. जा, खाऊन घे."

"मला भूक न्हाय…"

मागनं इंद्रजितनं तिचा हात धरला. प्रेमानंच धरला. त्याचा तळवा निसरडा होता, तरी हात सुटेना.

"आता न्हाय म्हणू नको, शिवे," तो म्हणाला. "येळवस हाय."

कोपीत कंदील जळत होता. पांडवांपुढं एक ताट होतं, वर ओलं फडकं झाकलेलं. ते फडकं श्वास घेतल्यासारखं मधोमध हळूच वर यायचं, थोडा वेळ तसंच राहायचं आणि खाली बसायचं. मग पुन्हा वर यायचं.