तीन वाटांचं कार्ड

बोरी अरबच्या बाजारात, एस.टी.तून उतरता उतरता भीमराजच्या हातातला खोका निसटला आणि दोनशे कार्डं उधळली. काही तुरीच्या शेंगांत, काही मिरच्यांत! शाळेत गणित शिकवणारी प्रभावती तिथंच भाजी घेत होती. पिशवी बाजूला ठेवून ती कार्डं वेचू लागली.

कार्डांना बारीक चौकोनी भोकं. तिनं एक डोळ्याला लावलं, तर पलीकडे नेमका त्याचा डोळा! ती गडबडलीच.

"हे... उंदरानं कुरतडलं काय?"

"नाही हो, कॉम्प्युटरच्या यंत्राशी बोलाची भाषा हाय ही. फोरट्रान. मुंबईले त्याच कामावर हाय मी."

आता कुतूहल जागं झालं की प्रभावतीला जेवण गोड लागत नसे. चौकशीत कळलं, हा तिच्याच शाळेतल्या नागोराव मास्तरांचा मुलगा. मुंबईत यंत्र नवं आलं, भाषेचीही नवी आवृत्ती आली. जुन्या कार्डांत काय बदलायचं ते यानं आठ दिवसांच्या रजेत लिहून काढायचं होतं. आणि एवढ्या हुशार माणसानं आळसानं कार्डांवर नंबरच घातले नव्हते! वर छापलेली ओळ वाचून, डोकं लढवून क्रम लावायचा.

मग रोज शाळा सुटल्यावर मास्तरांच्या ओसरीवर दोघं कार्डं लावत बसू लागले. भीमराजची आई चहा ठेवून जाई, तो गार होई.

तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम सांगितलं, "रविवारी पुसदचे पाहुणे मले पाह्याले येऊन राह्यले. त्याइले येऊ द्याचं काय, हो की नाही, ते बाबानं शनिवारपर्यंत सांग म्हटलं. तुमाले काय वाटते?"

भीमराजनं कार्डातून मान वर केली नाही. "चांगले वाटले तर हो म्हणा, नाही वाटले तर नाही... मधलेच वाटले तर इचार करा."

अस्सा राग आला तिला! यंत्राशी घडाघडा बोलणारा माणूस, आणि इथं तोंडात मूग!

शुक्रवारी तिनं विचारलं, "नव्या भाषेत बदललं तरी काय?"

त्यानं एक कार्ड पुढं केलं. "हे पाहा. जुन्या भाषेत प्रश्न विचारला का तीन वाटा द्या लागत. उत्तर शून्याहून कमी आलं तर या ओळीवर जाय, शून्य आलं तर त्या, जास्त आलं तर तिसऱ्या. नव्या भाषेत सरळ विचारता येते, हे खरं हाय काय? खरं असलं तर एक काम करते."

"अन् खोटं असलं तर?"

"तर ते काम सोडते, पुढच्या ओळीवर जाते."

"रुसत नाही?"

"यंत्र हाय ते, बाई," तो हसला. तिच्याकडे पाहतच राहिला... मग पुन्हा कार्डांत शिरला.

शनिवारी शेवटचं कार्ड जागेवर बसलं. प्रभावती उठली. आज बोलली नसती तर ते जन्मभर जिवाला खात राहिलं असतं.

"तुमी मले त्या दिवशी तीन वाटा दिल्या. जुनी भाषा झाली ती. आता मी नव्या भाषेत विचारून राह्यली— तुमचा जीव माह्यावर हाय, हे खरं काय? खोटं असलं तरी रुसणार नाही. घरी जाईन अन् पाहुण्यांले येऊ द्या म्हणीन."

भीमराज ताडकन उठला. मांडीवरचा गठ्ठा पुन्हा ओसरीभर उधळला. त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"खरं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून... त्या भोकातून पाह्यलं तवापासून."

"मंग एक काम करा लागते ना?"

"करतो." त्यानं घाईघाईत चपला घातल्या, उलट्या. "तुमचे बाबा घरी असतीन आता? पण... ही कार्डं?"

"ती मी लावून ठेवते. तुमी जा!"

तो धावतच गेला. प्रभावती खाली बसली, केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड शोधून त्याच्या कोपऱ्यात आधी नंबर घातला.