मेणाने दिलेली साक्ष

"आई गं! भाजलं!"

चौकशीने स्टिअरिंगवरचा हात झटकन मागे घेतला आणि बोटांवर फुंकर मारत बसली.

"हळू!" ताई ओरडली. "डॅशबोर्डला धक्का लागला तर आजोबा आपल्याला सुट्टीभर गॅरेजबाहेर उभं करतील!"

"अगं, पण शेडच्या सावलीत उभी असलेली गाडी इतकी तापते कशी?"

झालं! चौकशीला प्रश्न पडला. तिला हे नाव काही उगाच मिळालेलं नव्हतं. अकरा वर्षांत तिने किती प्रश्न विचारले ते कुणी मोजलं नव्हतं, कारण मोजणाराच दमला असता. ताई तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून स्वतःला दहा वर्षांनी मोठी समजणारी. तिसरा होता त्यांचा आतेभाऊ, तोफ. तोफेला हळू बोलता येत नसे. त्याची कुजबुज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

तिघंही सुट्टीला आजोबांकडे आली होती. आजोबा जुन्या गाड्या दुरुस्त करायचे. रोज एकला घरी जेवायला जायचे आणि डुलकी काढून चारला परतायचे. आज घरात बसून कंटाळलेली ही मंडळी तीनलाच गॅरेजात येऊन धडकली होती.

गाडी होती डॉक्टरीणबाईंची. छोटीशी, दोन दारांची, एकट्या माणसाने ढकलली तरी हलेल अशी. बाईंनी चाळीस वर्षं हीच गाडी चालवत घरोघरचे रोगी तपासले होते. आता तिचा डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला होता. येत्या रविवारी बाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या दिवशी ही गाडी त्यांना स्वतः चालवायची होती.

आजोबांनी कामात काहीच कसूर ठेवली नव्हती. चिरेच्या दोन्ही टोकांना सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर खरवडून तिच्यात लांबी, म्हणजे रबरासारखी लवचीक पुट्टी, भरली. लांबीचा थर पातळ हवा आणि तो पूर्ण दिवस सावलीत वाळायला हवा. ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून गाडीच्या काचा गच्च बंद! इतकं करूनही चीर दोनदा त्याच जागी उघडली होती.

चार वाजता आजोबा आले. त्यांनी दार उघडलं, वाकून पाहिलं आणि स्टुलावर बसले. चीर तिसऱ्यांदा उघडली होती.

"चौकशे, इकडे ये," ते म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढे धरला. "बघ गं, थरथरतोय का?"

चौकशीने पाहिलं. हात थोडासा थरथरत होता. तिने तो पटकन आपल्या दोन्ही हातांत धरला.

"समजलं मला," आजोबा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आज शेवटचा थर भरतो. उद्या चारला चीर दिसली तर बाईंना फोन करून सांगतो, गाडी दुसरीकडे न्या. आणि मग हे गॅरेजही बंद. वय झालं, दुसरं काय!"

गॅरेजशिवायचे आजोबा? छे! असे आजोबा असूच शकत नाहीत!

आजोबा कामाला लागले तसा चौकशीने दोघांना दाराबाहेर ओढलं.

"आजोबांच्या हातांचा काही दोष नाही. गाडी तापतेय. दुपारी इथे कोण असतं?"

"सीटवाले काका!" तोफेने कुजबुज केली, आणि शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात सीटची कव्हरं शिवणारे काका दचकून म्हणाले, "काय रे?"

"काका," चौकशीने त्यांच्याजवळ जाऊन सरळच विचारलं, "दुपारी तुम्ही गाडी बाहेर काढता का?"

"मी? छे छे! मी कशाला हात लावू?" काका सुईत दोरा ओवू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. दोरा काही जाईना.

घरी जाताना ताई म्हणाली, "काका चांगले आहेत गं. पण पुरावा असल्याशिवाय आजोबा त्यांच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाहीत."

"मग पुरावा काकांकडूनच घेऊ!" चौकशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, आजोबा जेवायला निघायच्या आधी, तोफेने काकांना गप्पांत गुंतवलं. त्यात तो पटाईतच होता! तेवढ्यात ताईने गाडीच्या चारही चाकांशी जमिनीवर खडूच्या बारीक रेघा मारल्या. चौकशीने काकांच्या पेटीतून दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा उचलला, ताटलीत घालून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ठेवला आणि वर पुसायचं फडकं टाकलं.

जेवताना तिघांचेही डोळे घड्याळाकडे होते.

चार वाजता सगळे परतले, तर काका पेटी उलटीपालटी करत होते.

"माझं मेण कुणी नेलं? दुपारपासून दोरा तुटून तुटून जीव नकोसा झालाय!"

आजोबांनी गाडीचं दार उघडलं. चीर होतीच. त्यांनी खिशातून फोन काढला.

"थांबा!!" तोफ अशी धडाडली की शेडचे पत्रे थरथरले.

चौकशीने फडकं उचललं. ताटलीत गोळा नव्हता. कडेपर्यंत पसरलेलं सपाट मेण होतं.

"हे घ्या तुमचं मेण, काका. विचारल्याशिवाय घेतलं, चुकलं माझं. पण सांगा ना, सावलीतल्या गाडीत ते वितळलं कसं?"

"आणि चाकं रेघांपासून वीतभर पुढे कशी आली?" ताईने जमिनीकडे बोट दाखवलं.

काकांचा चेहरा खाडकन उतरला.

"दादा, मीच," ते खालमानेने म्हणाले. "कापड बेतायला गार फरशी या गाडीखालची एवढीच आहे. म्हटलं, दोन तास गाडी उन्हात राहिली तर काय बिघडतंय? काल पोरीने विचारलं तेव्हा लाजेने खोटं बोललो."

"अरे, काचा बंद, वर ऊन! आत भट्टी होते! डॅशबोर्ड तापून फुगतो, गार होताना आक्रसतो आणि ओली लांबी फाटते!" आजोबा गरजले. मग एकदम थांबले. हळूच म्हणाले, "म्हणजे माझे हात..."

"तुमचे हात एकदम बरोबर होते, आजोबा!" चौकशी म्हणाली आणि त्यांना बिलगली. आजोबांना बराच वेळ चष्मा पुसावा लागला.

त्या संध्याकाळी एक थर बसला, शुक्रवारी दुसरा, शनिवारी रंग. काकांनी आपलं कापड घरी नेऊन बेतलं आणि दुपारभर गाडीजवळ राखण करत बसले. माशी बसली तरी हाकलत होते!

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डॅशबोर्डवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"चीर होती कुठे?"

"मलाही सापडत नाहीये!" आजोबा खुशीत म्हणाले. "पण तिचं कारण मात्र या तिघांनी शोधलं हं."

"शाब्बास रे पोरांनो! मीही आयुष्यभर हेच करत आले. औषधाच्या आधी कारण! चला, पहिली फेरी तुमची!"

"एक मिनिट!" चौकशी म्हणाली. "आजोबा, हात दाखवा."

आजोबांनी हात पुढे धरला. तिने नीट, अगदी डोळे बारीक करून पाहिलं.

"थरथरतोय थोडासा."

"थरथरू दे!" आजोबा म्हणाले आणि त्याच हाताने त्यांनी हत्यारांची पेटी पुन्हा उघडली. "तुम्ही फिरून या. मला उद्याच्या गाडीची तयारी करायची आहे."