कापसाची खोली

पोट्टेहो, हे ऐकीव नाही. आपल्या बाभुळगावच्या धम्मरत्न लाइट-फिटरसोबत झालेलं हाय.

कोरोनात त्याचा वास गेला. ताप उतरला, पण नाक काही परत आलं नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "ही लहान गोष्ट नाही. गॅस, धूर, नासलेलं अन्न, तुला काहीच समजणार नाही. एकटा राहू नको." हा नुसता हसला.

मागच्या सहा डिसेंबरची आदली रात. त्याची बहीण उर्वशी मारेगावजवळच्या एका खेड्यात राहते. ते सारे चैत्यभूमीले गेलते. अर्धी गल्लीच गेलती. गाडीतून जवायाचा फोन आला, "निघताना कापसाच्या खोलीतला लाइटचा बोर्ड चरचर करत होता. जरा पाहून घे ना."

धम्मरत्न पोचला तं अंधार पडलता.

खोलीत छताले टेकलेला कापूस. मधात एक माणूस जाईल एवढीच फट. तो आत शिरला, अन् मागून दार आपटलं. बाहेरची कडी पडली.

पहिले हसला. मग आवाज देल्ला. मग लाता मारल्या. ऐकाले होतं कोण? मोबाइल बाहेर गाडीच्या डिक्कीत. टॉर्चच्या उजेडात धुरकट दिसे. कापसाचं झुट, बारीक तंतू, उडत असन, असं त्याले वाटलं. डोळे चुरचुरले. डोकं जड झालं. जरा टेकावं म्हणून बसला...

टॉर्च विझला.

अंधारात कोणीतरी खोकललं.

"कोण हाय?"

"धम्मा, वास नाही येत काय रे?"

आवाज ओळखीचा. उर्वशीची सासू, तुळसाबाई. कोरोनातच वारलेली. तिले याच खोलीत ठेवलं होतं. एकटीले. बाहेरून कडी लावून.

"मावशी... कायचा वास?"

त्याची बाही ओढल्या गेली. त्याचा पंजा कापसात खुपसल्या गेला. आत... गरम. तव्यावानी.

कापूस आतून जळून राह्यलता.

बाही पुन्हा ओढल्या गेली. भिताडाच्या कडेनं. कापसातून. दम कोंडला. अजून पुढं. बोटायले लाकूड लागलं... खिडकी. कापसामागं दबलेली. त्यानं खांद्यानं धडक मारली. फळ्या तुटल्या. तो बाहेर पडला, अन् त्याच्या मागून जाळ निघाला.

खोली गेली. घर वाचलं.

मुंबईहून आल्यावर उर्वशीनं त्याचा शर्ट धुवाले घेतला. बाही नाकाजवळ गेली अन् तिनं ती पुन्हा हुंगली. निलगिरीचं तेल. शेवटल्या दिवसांत सासूले छातीवर चोळाले ती दाराच्या फटीतून तेच देत होती.

किती पाण्यातून काढला तो शर्ट. वास जात नाही. मी सोता घेतला. उग्र.

धम्मरत्न अजूनही माह्या घरी आला का बाही पुढं करते.

"काका... वास येते काय हो?"