चंद्रप्पाचा डावा हात

नवरा, चंद्रप्पा, जाऊन तीन महिने झाले अन् चन्नबसम्मा जीप करून देश बघायला निघाली. राणीसावरगावात कुजबुज झाली. शेजारची चतुराबाई तोंडावरच म्हणाली, "लय पाय मोकळे झाले की!"

"तुझा हाय ना अजून? मग त्याच्यासंगं बघून घे."

चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात बसून चंद्रप्पा म्हणायचा, "एकदा दुकान मिटलं की तुला वेरूळ दावतो, लोणार दावतो." दुकान मिटलं ते दुसऱ्यांनी, तो गेल्यावर.

खरी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. लिंगायताला मातीत बसवतात तेव्हा त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. तो मान चन्नबसम्मानं मागून घेतला, अन् चिंधीत गुंडाळून ठेवला साधा खडा. लिंग पदराला बांधलं. जाऊ कसं द्यायचं माणसाला?

वेरूळला, भर उन्हात, पायरीवर ओला पंजा उमटलेला दिसला. डावा. करंगळी अर्धीच. चंद्रप्पाची करंगळी दुकानातल्या कात्रीनं गेली होती. लोणारला देवळाच्या ओट्यावर पुन्हा तोच.

"कुणी हात धुतला असंल, आज्जी," नात स्वप्ना म्हणाली. "चल, भूक लागली."

परतताना चारठाण्याच्या बारवेवर थांबले. स्वप्ना जीपपाशीच राहिली. म्हातारी एकटी उतरली. बाराचं ऊन. बारव कोरडी ठाक. घुमणारे पारवे एकाएकी गप्प झाले. वास आला... नुकत्याच उकरलेल्या मातीचा. शेवटच्या पायरीवर पंजा होता, अन् एवढ्या उन्हात वाळत नव्हता.

"मागायलाव व्हय..." ती पुटपुटली. "दिलं की तुमी जाताल हो."

पदराची गाठ सुटता सुटेना. शेवटी लिंग पंजावर ठेवलं. डोळ्याचं पातं लवलं, तेवढ्यात लिंगही नाही, पंजाही नाही.

"एवढी घाई? एक शब्द तरी..."

मातीत बसवताना रडली नव्हती ती. तिथं रडली.

संध्याकाळी घरी येऊन ती पूजेला बसली. स्वतःच्या लिंगाची चांदीची डबी तिनं जन्मात गळ्यातून उतरवली नव्हती. आपलं लिंग हरवलं की माणूस जगत नाही, असं आई सांगायची. डबी उघडली. आत लिंग होतं. पण कडेला टवका उडालेलं. न्हाणीत पडून टवका उडाला होता तो चंद्रप्पाच्या लिंगाचा.

तिचं कुठंच नव्हतं.

"स्वप्ना... दिवा जरा जवळ आण गं."

डबीच्या तळाशी ओली माती होती. तिच्यावर अर्ध्या करंगळीचा ठसा.