रिकाम्या हॉपरचं वजन

पटलं तर घ्या, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे माझ्या काकांच्या बाबतीत घडलंय. काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य मीटर आणि वायरींत गेलं.

सुट्टीचा दिवस होता. भर दुपार. पावडरच्या कारखान्यात काका आणि मशीनवरच्या ऑपरेटर ताई, दोघंच.

तिथे एक हॉपर होता. म्हणजे पावडर साठवायचं खोलीएवढं लोखंडी नरसाळं. आत ढवळणारं पातं. किती माल उरलाय, ते बाहेरच्या काट्यावर दिसायचं.

पण त्या काट्यावरचे आकडे कायम नाचायचे.

कारण साधं होतं. काट्याची नाजूक वायर मोटरींच्या जाड केबलींना खेटून नेलेली. पंखे, पंप दिवसरात्र चालू. त्यांचा सगळा गोंधळ तिच्यात शिरायचा.

काकांनी नवी वायर घेतली, तांब्याच्या जाळीने मढवलेली. ती केबलींपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेली. जाळीचं एक टोक अर्थिंगला जोडलं.

आकडे थांबले.

चोपन्न किलो...

"हॉपर रिकामाय ना?" काकांनी विचारलं.



काका वर चढले. झाकण उघडलं, बॅटरी मारली. आत लख्ख. चिमूटभर पावडर नाही.

खाली आले. त्रेपन्न पूर्णांक आठ... चोपन्न... त्रेपन्न पूर्णांक नऊ...

उभं राहून कंटाळलेलं माणूस या पायावरून त्या पायावर होतं ना, अगदी तसं.

"माझी धाकटी बहीण," ताई हळूच म्हणाल्या. "आत उतरून साफसफाई करायची. तीन वर्षं झाली. मला वाटलं, ती बाहेर आलीय. बटण मीच दाबलं होतं, दादा."



तेवढ्यात कारखान्याच्या साहेबांचा फोन. "झालं का? पातं फिरवून बघा. संध्याकाळी माल येतोय."

"साहेब, आत वजन दाखवतंय."

"आत कुणी आहे का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

ताईंचा हात उचलेना, म्हणून बटण काकांनी दाबलं.

पातं फिरलं. आकडा एकदम सत्तरवर गेला... तीसवर आला...

शून्य.

काकांनी घाईघाईने मोटर बंद केली. दोघं काट्याकडे बघत राहिले. मिनिटभर शून्य.

मग चोपन्न...

"म्हणजे दर वेळी..." ताई म्हणाल्या. "रोज दहादा चालू-बंद करते मी. आकडे नाचायचे, म्हणून कळलंच नाही. दादा, जुनी वायर परत टाका. हात जोडते."

काकांनी साहेबांना विचारलंही. साहेब हसले. "चांगलं चाललेलं काम कुणी बिघडवतं का?"

नवी वायर राहिली. नोकरी सोडायची ताईंची सोय नव्हती, घर त्यांच्याच जिवावर. काकांनी मात्र त्या कारखान्याचं काम पुन्हा घेतलं नाही.

पण ताईंचा फोन येतो. त्या नमस्कारही करत नाहीत, नुसता त्या दिवसाचा आकडा सांगतात, दर वेळी आधीपेक्षा कमी. काकाही नुसतं ऐकतात. दुसरं करणार काय?

परवा काकांच्या दिवाणखान्यात बसलो होतो, तेव्हा मीही ऐकला तो फोन. स्पीकरवर होता.

"दादा, आज एकेचाळीस."