हिंगाची डबी

नॅन्सीच्या आयुष्यात रॉबिन आला तो एका भोपळ्याच्या मागून.

हंगामाच्या सणाचा रविवार होता. भक्ती आटोपली होती आणि लोकांनी देवाला वाहिलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा, भाजीपाल्याचा लिलाव चर्चपुढच्या मांडवात रंगात आला होता. नॅन्सीने परसातला भोपळा आणला होता. चर्चचे खजिनदार इसहाकमामा तो डोक्यावर उंच धरून पुकारत होते. पन्नास झाले, शंभर झाले... आणि मागून एक खणखणीत आवाज आला, "एकवीसशे!"

सगळा मांडव मागे वळला. नॅन्सीही वळली. खांबाला टेकून एक सावळा, उंच पोरगा उभा होता, आणि त्याची नजर भोपळ्यावर अजिबात नव्हती.

"एवढ्या किमतीचा न्हाई तो," लिलाव संपल्यावर ती त्याला म्हणाली.

"मला कुठं भोपळा पायजे हुता?"

"मग?"

"मोठ्यानं बोलल्याबिगर तू वळून बघितलं असतं व्हय?"

ती चिडणार होती, पण... हसू आधी आलं. आणि तिथेच ती फसली.

लग्नानंतर तिला कळलं, की ते एकवीसशे त्याने इसहाकमामांना हप्त्याहप्त्याने दिले होते! हसता हसता तिची पुरेवाट झाली. पुढे मात्र ते हसू ओसरत गेलं. रॉबिन राहुरी स्टेशनावरून भाविकांना शनिशिंगणापूरला न्यायचा. शनिवारी त्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची आणि रविवारी त्याच्या खिशात पैसा ठरायचा नाही. ढाब्यावर मित्रांचं बिल याने भरायचं, कुणाच्या पोराच्या वाढदिवसाचा केक याने आणायचा. मोबाईल पुढे केला, की पैसे गेले. नॅन्सी तरी कुठे कमी होती? दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करून आलेला पगार ती मोबाईलवर कुर्ती बघता बघता उडवायची. महिनाअखेरीला दोघं खिचडीच्या ताटावरून एकमेकांकडे बघत बसायचे.

आणि मग तिचा नगरला नर्सिंगला नंबर लागला. कितीतरी वर्षं तिने त्याचीच वाट पाहिली होती. पण फी भरायच्या दिवशी घरात पैसेच नव्हते, आणि तिची जागा दुसरीला गेली.

नॅन्सी रडली नाही. तिने पदर खोचला, फळीवरचे सगळे डबे ओट्यावर काढले आणि रॉबिनला समोर बसवलं.

"पुढच्या वर्षी फी भरायची म्हंजे भरायची. हा डबा भाड्याचा, हा किराण्याचा, हा गाडीचा. आन् शनिवारची कमाई सगळी ह्या मोठ्या डब्यात... फीची."

"म्हंजे शनिवार तुझा?"

"शनिवार माझा. बाकीचे वार घराचे."

"आन् मी कुनाचा?" त्याने मिश्कीलपणे विचारलं.

"तुमी सातही वार माझेच," ती लाजली, पण बधली नाही. "तुमचा खिसा मात्र न्हाई."

"मला काय डबा-बिबा हाय का न्हाई?"

तिने शोधून शोधून हिंगाची रिकामी डबी त्याच्या हातात ठेवली. "हिच्यात मावंल तेवढा तुमचा खर्च."

"अगं, नोटांना वास लागंल की!"

"लागू द्या. उडवताना माझी आठवन तरी येईल."

त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांच्या मोबाईलमधून पैसे पाठवायची सोय काढून टाकली. मित्रांनी चेष्टा केली, 'वहिनींनी वेसण घातली' म्हणाले. रॉबिन हसला, आणि ढाब्याबाहेर गाडीतच बसून भाकरी खाऊ लागला. नॅन्सीला कुर्ती दिसली, की ती मोबाईल पालथा घालायची. हॉटेलऐवजी कालव्याकडेने फिरणं आलं, एका कपातला चहा दोघांत आला... आणि खरं सांगायचं तर, त्या कपाची गोडी हॉटेलातल्या जेवणाला कधी आली नव्हती. रॉबिन अधूनमधून डबी कानाशी धरून हलवायचा.

"काय साठवताय एवढं?"

"हंगामाला लागतील."

ती समजायची ते समजली. मोरीच्या पाण्यावर तिने भोपळ्याचा वेल लावला.

पुन्हा अर्ज केला, पुन्हा नंबर लागला. फीची शेवटची तारीख हंगामाच्या रविवारनंतरचा सोमवार. आणि ऐन वेळी कळलं, की गणवेशाचे पैसेही फीबरोबरच भरायचेत. नॅन्सीच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या शनिवारी रॉबिनने घरी येऊन नोटांचा जाडजूड गठ्ठा डब्यात टाकला आणि म्हणाला, "आज लई गर्दी हुती!" डब्यातली रक्कम पुरी झाली.

रविवारी मांडवाच्या ताडपत्रीवर परतीच्या पावसाची बारीक सर वाजत होती. इसहाकमामांनी नॅन्सीचा भोपळा उचलला. "पन्नास! कोन बोलतंय?"

कुणीच बोललं नाही. हा भोपळा रॉबिनचाच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत थांबले होते.

"बोल की रॉबिन! का भोपळेवाली जुनी झाली?" त्याचा मित्र नोहा ओरडला. मांडव हसला.

रॉबिन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. नॅन्सीने त्याच्याकडे पाहिलं. डबीतले चार पैसेसुद्धा नाहीत माझ्या भोपळ्यासाठी? तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. काटकसरीचा हट्ट तिचाच होता ना! तरीही तिच्या नकळत तिचाच हात वर गेला, "शं—"

रॉबिनने तिचं मनगट धरलं. "न्हाई, नॅन्से."

आणि तो तसाच, तिचा हात धरून उभा राहिला. मागल्या हंगामांत बोलीत कधी मागे न हटलेल्या त्या माणसाचे कान लाल झाले होते.

"मामा, औंदा माझी बोली न्हाई. उद्या नॅन्सीची फी भरायचीय. माझ्यासाठी थांबू नका, ज्याला पायजे त्यानं घ्या."

मांडवात कुणी हसलं नाही. मग पुढच्या रांगेतून शाळेतल्या जुन्या एलिझाबेथबाई म्हणाल्या, "साठ." नोहा म्हणाला, "सत्तर." भोपळा शंभराला बाईंकडे गेला. नॅन्सीचा हात मात्र रॉबिनने सोडलाच नाही.

"डबीतलं कुठं उडवलं?" घरी जाताना तिने विचारलंच.

"उडवलं एका ठिकाणी," तो म्हणाला आणि शीळ घालू लागला. ती झपाझप पुढे निघाली.

सोमवारी नगरच्या कॉलेजात खिडकीपलीकडच्या मॅडम नोटा मोजू लागल्या. मोजता मोजता थांबल्या. एक नोट त्यांनी नाकाशी नेली.

"काय हो, पैसे कशात ठेवले होते? हिंगाचा वास येतोय."

शनिवारी गर्दी नव्हती तर... वर्षभर कानाशी धरून हलवलेली ती डबी त्याने इथे रिकामी केली होती. तिच्या गणवेशासाठी. आणि काल भर मांडवात चेष्टा सोसून घेतली होती.

पावतीवर शिक्का बसला. पावती मुठीत धरून ती वळली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला रॉबिन खांबाला टेकून उभा होता आणि काही घडलंच नाही अशा थाटात बाहेरचा पाऊस बघत होता. मध्ये पोरींची ही गर्दी. तिला ओठ चावूनही हसू आवरेना, आणि डोळेही ऐकेनात.

"एकवीसशे!" ती मोठ्याने ओरडली.

सगळा हॉल मागे वळला. रॉबिनही वळला.