गावपळणीतली वाट

साल २००९ की २०१०, हे मला खात्रीने सांगता येत नाही. हल्ली स्वतःच्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. पण महिना मार्गशीर्ष आणि वेळ रात्री साडेअकराची. हे यतीनने मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तसंच. हसू नका रे पोरांनो.

यतीन ओरोसला क्वार्टरमध्ये माझ्या शेजारी राहायचा. बायको योगिनी मुलीला घेऊन माहेरी, तोंडवलीला गेली होती. रात्री तिचा फोन आला. तन्वीला दम लागला होता आणि तोंडाने ओढायचा पंप संपला होता. तुझ्या त्या बोलक्या फोनाक तरी वाट कळतली मां, असा टोमणाही तिने मारला. यतीनने मेडिकलवाल्याला उठवून नवा पंप घेतला, खिशात घातला आणि मोटरसायकल काढली. एरवी तो एसटीने जायचा. आडवाटा ठाऊक नव्हत्या. पण नव्या मोबाइलमध्ये नकाशा होता. कानातली बाई इंग्रजीत वळणं सांगत होती. तिने जवळची वाट धरली.

वळणामागून वळण. मग माडांखाली घरं लागली. एकाही घरात दिवा नव्हता. कुत्रं भुंकलं नाही. गोठे रिकामे.

एका वळणावर कानातली बाई म्हणाली, पोचलात.

त्याने ब्रेक दाबला. समोर कुलूप लावलेलं घर. पडवीत कुणी बाई उभी. आतून धाप ऐकू येत होती... लहान मुलाची.

"झिलाक दम लागलो हा," ती म्हणाली. "तुझ्याकडे औषद आसा मां?"

पंप एकच आहे, माझी मुलगी वाट बघतेय, असं काहीसं तो पुटपुटला. तिने नुसता हात पुढे केला...

आतली धाप थांबली.

यतीनने गाडी पळवली.

गावाच्या हद्दीबाहेर उजेड दिसला. माळावर झोपड्या, गुरं, कोंबड्यांचे खुराडे. सगळा गाव तिथे. भिकाजी नावाचे म्हातारे पुढे आले, कुठून आलास म्हणून विचारलं. यतीनने मागे बोट दाखवलं.

मग भिकाजींनी सांगितलं की गावपळण चालू आहे. देवाचा कौल झाला की तीन दिवस गाव रिकामा ठेवतात, कोंबडीसुद्धा मागे ठेवत नाहीत. नकाशाला हे कोण सांगणार?

"गावात आता आमचा कोण नाय," ते म्हणाले. "आसत ते आमचे न्हय."

पुढे तोंडवलीला पंप वेळेत पोचला. तन्वी वाचली.

मी शंकेखोर माणूस. कित्येक वर्षांनी योगिनीलाच विचारलं. खोक्याचं सील तिने स्वतः दातांनी फोडलं होतं. पंपाचं टोपण काढलं, तेही तिनेच. नवाकोरा पंप. ओठ लावायची जागा तेवढी ओली होती. कोमट.